भिवराईचं कौल

खूप पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही, आणि त्या मुलखावर तेव्हा कोण राजा होता हेही कुणी सांगू शकत नाही. तुम्ही लहान असा नाहीतर माझ्याएवढे म्हातारे, गोष्ट सगळ्यांना सारखीच आहे. सावकाश ऐका.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि गावाच्या मधोमध एक सभाघर होतं. ते कुणी बांधलं, हे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसालाही ठाऊक नव्हतं. दगडी जोतं, सागाचे खांब, जाडजूड तुळया, आणि वर नळीच्या कौलांचं मोठं छप्पर. लग्न तिथंच, बारसं तिथंच, भांडणाचा निवाडाही तिथंच. अंधार पडला की वाटसरूही तिथंच अंग टाकायचे.

नळीचं कौल तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. मातीची नळी मधोमध उभी चिरली तर दोन पन्हळी होतील ना, तसा त्याचा आकार. एक ओळ उताणी मांडायची, तिच्यातून पाणी वाहतं. दुसरी ओळ तिच्यावर पालथी मांडायची, ती फटी झाकते. उन्हाळ्याच्या शेवटी सगळी कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी वेगळी काढायची आणि पुन्हा मांडायची. याला शाकारणी म्हणतात. जुनं छप्पर टिकतं ते या कामामुळं.

त्या गावाची एक रीत होती. गावात येणारी नवी सून माहेराहून एक कौल घेऊन यायची. ते कौल सभाघरात ठेवायचे आणि पुढच्या शाकारणीला छपरावर चढवायचे. त्यामुळं सून एकाच घराची राहत नसे, सगळ्या गावावर तिच्या माहेरची सावली पडत असे.

दुसरी रीत जरा कठोर होती. एकदा छपरावर चढलेलं कौल परत कुणाच्या घरी जात नसे. ते निकामी झालं की कुटून त्याची लाल भुकटी करायची, जिला सुरकी म्हणतात, आणि ती चुन्यात कालवून सभाघराच्याच भिंतीला लावायची.

या गावात भिवराई नावाची म्हातारी राहायची. ती गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली होती. तिचं माहेर फार दूर, घाटापलीकडे. तिकडं पाऊस दांडगा, म्हणून कौलंही मोठी. भिवराई लग्न होऊन आली, त्याच वर्षी तिच्या माहेरावर डोंगराची दरड कोसळली. आई, बाप, भाऊ, गोठा, विहीर, सगळं दरडीखाली गेलं. उरलं फक्त एक कौल, कारण ते तेवढं तिच्याबरोबर आलं होतं.

गावाला तिची फार कणव आली. पुढच्या शाकारणीला लोकांनी ते कौल सभाघराच्या दारावरच्या ओळीत बसवलं. ती जागा मानाची. भिवराई अंगणातून जाताना मान वर करायची, कौल बघायची आणि आपल्या कामाला लागायची.

आणि त्याच पावसाळ्यात तिथून छप्पर गळायला लागलं.

आता काय झालं ते बघा. शाकारणी करणाऱ्याला कळलं की गळती त्या कौलामुळं आहे. त्यानं तेव्हाच्या पाटलाला सांगितलं. पाटील म्हणाला, "हळू बोल. पोरीचं सगळं गेलंय. आता हे एक कौलही काढायचं का?" कुणालाच ते काढवेना. कुणालाच तिला सांगवेना. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मिळून भिवराईपासून लपवलं.

पुढं म्हातारा पाटील गेला, त्याचा मुलगा पाटील झाला, पण लपवणं चालूच राहिलं. तुळईच्या बाजूला, वरच्या अंधारात, पाटलीणबाईंनी एक तांब्याची परात टांगली. घाईत जी हाताला लागली ती. पावसात थेंब परातीत पडायचे आणि आवाज यायचा, टण, टण, टण. मग बैठकीत बसलेला पाटील खोकायला लागायचा. भजन चालू असेल तर टाळ मोठ्यानं वाजायचे. एकदा तर एका बारशात नुसत्या सरी यायला लागल्या, आणि बायकांनी पाळणा इतका जोरात म्हटला की बाळ दचकून रडायला लागलं.

भिवराई म्हणाली, "काय गं, आज सगळ्यांचे गळे बरे लागलेत!"

बायका एकमेकींकडे बघून हसल्या आणि आणखी मोठ्यानं गायला लागल्या.

असं पुष्कळ वर्षं चाललं. मग गावचा शाकारणारा वारला. त्याच्या जागी शेजारच्या गावचा सटवाजी आला. माणूस कामाला चोख, पण जिभेला लगाम नाही. पाटलानं त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "सटवाजी, सगळं छप्पर उतरव. दारावरचं ते एक रुंद कौल तेवढं राहू दे."

सटवाजीनं वर बघितलं, मग पाटलाकडे बघितलं. "पाटील, हे म्हणजे आंघोळ कर पण पाठ ओली करू नकोस, असं झालं की!"

"तसंच समज."

"कारण काय?"

"कारण विचारू नकोस."

सटवाजीनं खांदे उडवले, पण माणूस गप्प बसणारा नव्हता. तो आतून शिडी लावून तुळईपर्यंत चढला आणि थोड्या वेळानं वरून त्याचा आवाज आला. "पाटील, इथं पंगत बसायची आहे का? परात मांडून ठेवलीय!"

"हळू!" पाटील खालून म्हणाला.

मग वरून लाकूड खरवडल्याचा आवाज आला. सटवाजी खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यानं मूठ उघडली. मुठीत काळा, ओला भुसा होता.

"हे तुळईचं लाकूड आहे," तो म्हणाला. "परातीत पडतं ते पाणी तुम्हाला दिसतं. लाकडाच्या अंगानं उतरतं ते दिसत नाही. माझं बोट आत गेलं, भिजलेल्या भाकरीत जावं तसं. पाटील, ही तुळई कुणाच्या तरी डोक्यावर येणार. या पावसात नाहीतर पुढच्या पावसात. ते कौल निघालंच पाहिजे."

पाटलाला घाम फुटला. त्यानं पाटलीणबाईंसकट चार शहाणी माणसं गोळा केली आणि सभाघरामागच्या चिंचेखाली सगळे बसले. सटवाजीला सगळी हकिकत सांगितली.

"मग तिला सांगून टाका," तो शेवटी म्हणाला.

"कोण सांगणार?" पाटील म्हणाला. "मी? माझी सगळी पोरं तिच्या हातात जन्मली. मी स्वतः तिच्या हातात जन्मलो."

"पाटलीणबाई सांगतील."

"माझं नाव घेऊ नका," पाटलीणबाई म्हणाल्या. "थोरलीच्या वेळी दोन दिवस माझ्या उशाशी बसल्यात त्या. मी जाऊन सांगू, की तुमच्या माहेराची सुरकी करतोय?"

एकजण म्हणाला, "तांबटाकडून तांब्याचा मोठा पत्रा आणू आणि कौलावरूनच ठोकून टाकू. कौल जागेवर राहील, पाणीही थांबेल."

"आणि भिवराईनं मान वर केली की तिला काय दिसेल?" सटवाजीनं विचारलं. "पत्रा. शिवाय ओलं लाकूड वरून झाकलं की आतल्या आत कुजतं. तुम्ही आत्तापर्यंत तेच केलंत. आता तांबं घालून करणार एवढंच."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"ताक घेता का रे? उन्हाचं काय कुजबुजत बसलाय?"

भिवराई होती. हातात ताकाचं मडकं. सगळे असे दचकले, जसं काही चिंचा चोरताना सापडले. पाटील उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

"भिवराई, तू कधी आलीस?"

"पंगत बसायची आहे का, असं तो वरून ओरडला ना, तेव्हा." तिनं मडकं खाली ठेवलं आणि सटवाजीकडे वळली. "ती परात माझी आहे हो. पाटलीणबाईंनी एका दिवसासाठी म्हणून नेली होती. लग्नाला की कशाला."

पाटलीणबाईंनी पदर तोंडाला लावला. "आत्याबाई... घाईत जी हाताला लागली..."

"माझ्या परातीचा आवाज मला ओळखू येणार नाही? माझ्या सासूनं घेतलेली परात आहे ती. पहिल्या वर्षीच ओळखला."

"म्हणजे," पाटील हळूच म्हणाला, "तुला सगळं ठाऊक होतं?"

भिवराई चिंचेच्या पारावर बसली.

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुम्ही टाळ बडवायचात, आणि मला वाटायचं, बरं झालं, बडवू देत. मी बोलले असते तर कौल निघालं असतं. म्हणून नाही बोलले. तुम्ही माझ्यासाठी गप्प, मी कौलासाठी गप्प. आणि ती बिचारी तुळई भिजत राहिली." तिनं सटवाजीच्या मुठीतला भुसा बघितला. "याच तुळईखाली उद्या एखादं पोर खेळत असेल. मी आणलेलं पोर. काढा ते कौल."

"आम्ही ते तुझ्या घरी आणून देतो," पाटील घाईघाईनं म्हणाला. "रीत राहू दे बाजूला."

"का म्हणून? सगळ्याजणींच्या फुटक्या कौलांची सुरकी झाली. मी काय वेगळी आहे?" असं म्हणत तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग ती म्हणाली, "फक्त कुटायच्या आधी घटकाभर माझ्याजवळ द्या."

काम सुरू झालं. गावातले सगळे रांगेत उभे राहिले आणि कौलं हातोहात खाली उतरू लागली. भिवराईचं कौल खाली आलं तेव्हा रांगेतले हात थांबले. सटवाजीनं ते दोन बोटांवर तोललं आणि दुसऱ्या हाताच्या पेरानं त्यावर टिचकी मारली. फुटकं कौल बद्द वाजतं. हे असं खणखणीत वाजलं की गोठ्यातल्या बैलानं मान वर केली.

"हे फुटकं नाही," सटवाजी म्हणाला. "सुतासारखी चीरही नाही. इतकं छान भाजलेलं कौल मी बघितलं नाही."

"मग गळायचं का?" पाटलानं विचारलं.

"रुंद आहे म्हणून. उताणं मांडलं की शेजारच्यांना उचलतं. पालथं मांडलं की त्याच्या कडा शेजारच्या पन्हळीत उतरतात आणि पाणी अडवतात. कौलाचा दोष नाही, ओळीचाही नाही. दोघांचं माप जमत नाही."

"फुटकं नसेल तर सुरकी कशाला करायची?" पाटलीणबाई चटकन म्हणाल्या.

"रीत काय म्हणते? निकामी झालं तर सुरकी. छपरावर कुठंच बसलं नाही, तर ते निकामीच." सटवाजीनं मान हलवली. "बसवून बघतो. वचन देत नाही."

सुतारानं तुळईचा कुजलेला भाग कापला आणि तिथं जुन्याच सागाचा तुकडा खुंट्या ठोकून सांधला. वासे पुसून तेल पाजलं. मग सटवाजी कौलं मांडत चालला, खालून वर, वळचणीपासून आढ्याकडे. मधूनमधून तो भिवराईचं कौल मागून घ्यायचा, एखाद्या ओळीत ठेवून बघायचा, डोकं तिरकं करून न्याहाळायचा, आणि परत खाली पाठवायचा. वळचणीला बसलं नाही. कोपऱ्यात बसलं नाही. मागच्या बाजूला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथंही बसलं नाही. प्रत्येक वेळी कौल भिवराईच्या मांडीवर परत यायचं आणि ती पदरानं ते पुसायची.

"धूळ नाही गं त्याच्यावर," एक बाई म्हणाली.

"असू दे," भिवराई म्हणाली.

छपराच्या दोन्ही पाखी, म्हणजे दोन्ही बाजूंचे उतार, झाकून झाल्या. आता राहिलं आढं, म्हणजे अगदी वरचा माथा, जिथं दोन्ही उतार भेटतात. अंगणाच्या कोपऱ्यात उखळ आणि मुसळ आणून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

आढ्यावरची कौलं मांडायची पद्धत वेगळी असते. दोन्ही टोकांपासून सुरुवात करायची आणि मध्याकडे यायचं. प्रत्येक कौलाचं तोंड आधीच्या कौलावर चढवायचं, म्हणजे फट राहत नाही. पण दोन्ही ओळी मधे येऊन भेटल्या की तिथं दोन कौलांची तोंडं समोरासमोर येतात. ती दोन्ही झाकेल असं एक कौल लागतं, आणि ते इतरांसारखं असून चालत नाही. त्या गावात तिथं दरवर्षी चुन्याचा गोळा थापायचे. तो दरवर्षी तडकायचा.

सटवाजी आढ्यावर घोड्यावर बसावं तसा बसला होता. त्यानं एक कौल ठेवलं, लहान पडलं. दुसरं ठेवलं, तेही लहान. तो वैतागला.

"कालवा चुना," तो खाली ओरडला. "दुसरं काय! या पंचक्रोशीतली सगळी कौलं एकाच आईची लेकरं. एक तरी पोर जरा अंगापिंडानं—"

तो बोलता बोलता थांबला. त्यानं खाली बघितलं. भिवराई जोत्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर ते रुंद कौल होतं.

"आजी," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ते कौल द्या बघू वर."

भिवराईनं ते छातीशी धरलं. "सुरकीला?"

"सुरकी करायला मी आढ्यावर कशाला मागू? मापाला हवंय."

कौल हातोहात वर चाललं. ज्याच्या हातात आलं तो श्वास रोखून पुढं द्यायचा, जसं काही त्याच दिवशी जन्मलेलं मूल आहे. सटवाजीनं ते घेतलं आणि दोन तोंडांवर पालथं ठेवलं. दोन्ही कौलं त्याच्या पोटात गेली. दोन्ही उतारांवर त्याच्या कडा टेकल्या. त्यानं बोटानं हलवून बघितलं. हललं नाही. दुसऱ्या बाजूनं हलवून बघितलं. हललं नाही.

"बसलं," तो म्हणाला.

खाली कुणाला नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणतोस?" पाटील ओरडला.

"बसलं, म्हणतोय! अहो, हे कौल आढ्याचंच आहे! तुम्ही राजाला दारावर उभं केलं होतं, आणि मग म्हणत होतात, हा वाट अडवतो!"

भिवराई उठली आणि अंगणात मागं मागं जात राहिली, कारण इतक्या वरचं बघायला तेवढं लांब जावं लागतं. मग तिला ते दिसलं. ती हसायला लागली, आणि हसता हसता मटकन खाली बसली. पाटलीणबाई धावत गेल्या. "आत्याबाई, काय होतंय?"

"काही नाही गं," भिवराई म्हणाली. "पाय गळाले. इतकी वर्षं ताठ उभे होते ना."

मग लोकांनी विहिरीवरून घागरी आणल्या आणि एकामागून एक आढ्यावर रित्या केल्या. सटवाजी आत गेला, सांधलेल्या तुळईखाली बसला आणि तोंड वर करून बघत राहिला. बाहेर पाणी पागोळ्यांनी धो धो पडत होतं. लोक दाराशी गर्दी करून त्याच्या तोंडाकडे बघत होते. शेवटची घागर ओतून झाली. सटवाजी बाहेर आला आणि त्यानं आपला गाल पाटलापुढे केला.

"हात लावून बघा."

पाटलानं हात लावला. गाल कोरडा होता. पाटलानं इतका मोठा सुस्कारा सोडला की सगळे हसले, आणि हसता हसता बऱ्याचजणांचे डोळे भरून आले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सभाघरात पुष्कळ बैठका झाल्या आणि पाटलाला एकदाही खोकला आला नाही. चिंचेखाली बसून गावानं एक नवी रीतही घातली. शाकारणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी सभाघरात जमायचं आणि ज्याला जिथं ओल दिसली असेल ती त्यानं तोंडानं सांगायची. कौल कुणाचं का असेना. पहिल्या वर्षी लोक जरा अडखळले. मग सवय झाली. ते सभाघर पुढं कितीतरी पिढ्या उभं राहिलं.

भिवराई मात्र पावसात सभाघराच्या अगदी मधोमध जाऊन बसायची आणि वरचा आवाज ऐकायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "माहेरी आलेय."

म्हणून सांगतो, मायेपोटी लपवलेली गळतीसुद्धा घर कुजवते. ती बोलून दाखवा, म्हणजे न बसणाऱ्या कौलालाही त्याची जागा सापडते.